दुरुस्ती विभागातले सर

आमच्या विद्यापीठात सगळेच एकमेकांना सर म्हणतात. काल नोकरीला लागलेला सर आणि उद्या निवृत्त होणारा तोही सर. त्यामुळे कुणाबद्दल चार शब्द बरेवाईट बोलायचे तर टोपणनावाला पर्याय नाही. ज्यांच्याविषयी मी सांगतोय त्यांचं टोपणनाव मात्र त्यांच्या खोलीवरून पडलेलं होतं. तळमजल्यावर, जिन्याच्या पलीकडे, मोडके बाक, पाय निखळलेल्या खुर्च्या आणि बंद पडलेले प्रोजेक्टर दुरुस्तीची वाट बघत पडलेले असत. त्या सामानाशेजारच्या दारावर पाटी होती, ‘अध्यापन विकास केंद्र’. नोकरीच्या पहिल्या वर्षातल्या शिक्षकांना तिथं पाठवत. लोकांनी साहजिकच दोन्हींचा संबंध जोडला आणि केंद्राचं नाव ‘दुरुस्ती विभाग’ पडलं. सर एकटेच तिथं बसत.

काम तसं साधं. शिक्षकाच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसायचं, तास संपल्यावर त्याला खोलीत नेऊन चहा पाजायचा आणि काय दिसलं ते बोलायचं. त्यातलं अक्षरही बाहेर जायचं नाही, हा त्यांचा नियम. नव्या शिक्षकांनी सरांना वर्गात बसू देणं भागच होतं. जुन्यांनी स्वतःहून बोलवायचं अशी सोय होती, आणि जुने अर्थातच बोलवत नसत. उलट सर कँटीनमध्ये शिरले की ज्या टेबलावर हास्यविनोद चालू असेल ते टेबल एकदम पाण्याचा ग्लास शोधायला लागायचं. कुणी वाईट वागत नसे. ‘या ना सर, बसा,’ म्हणत, आणि सर बसले की प्रत्येकाला आपापला तास आठवे.

माझ्या वर्गात ते आले तेव्हा मी बाजारातली मागणी आणि किंमत शिकवत होतो. मी फळाभर आलेख काढले, बाण काढले, रंगीत खडू वापरले. घाम पुसत खोलीत गेलो, तर त्यांनी चहा पुढे केला आणि विचारलं, “तुम्हाला काय दिसलं?”

“तास बरा झाला, सर.”

“बराच. फळ्याला तुम्ही फार छान शिकवलंत. मुलांचं कधी सुरू करताय?”

मला राग यायला हवा होता. पण लहान गावातल्या शाळेत शिकल्याचा एक फायदा असतो, दुरुस्तीला पाठवल्याचा अपमान वाटत नाही. आमच्या शाळेत गुरुजी धडा सांगत आणि आम्ही लिहून घेत असू. ते स्वल्पविरामसुद्धा सांगत, आणि आम्ही तो अक्षरी लिहीत असू. हे मी सरांना सांगितलं, तर ते इतके हसले की चहा बशीत सांडला. त्यानंतर मी कँटीनमध्ये त्यांच्याच टेबलावर बसायला लागलो. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. बाकीच्यांनी मला ‘दुरुस्त माल’ म्हणायला सुरुवात केली.

वर्गात बसल्यावर ते शिक्षकाकडे फारसं बघतच नाहीत, हे मला उशिरा कळलं. ते मुलांच्या माना बघत. मागून दुसरं दिसणार काय? पण त्या मानांवरून त्यांना सगळं समजायचं. “नुसतं उतरवून घेणारा असतो ना, त्याची मान एका लयीत वरखाली होते, पंप मारल्यासारखी. अडलेला असतो तो आधी शेजाऱ्याच्या वहीकडे बघतो. आणि ज्याच्या डोक्यात काहीतरी शिरलंय, तो क्षणभर हलायचाच थांबतो. तू शिकवत होतास तेव्हा एकच थांबला होता. खिडकीतली मांजर बघायला.”

“सर, तुम्ही शिकवायचा तेव्हा माना बघायला कोण होतं?”

“कोणी नाही. म्हणून तर घोटाळा झाला.”

ते मूळचे भौतिकशास्त्राचे. एके काळी त्यांच्या वर्गात दुसऱ्या विभागातली मुलंसुद्धा येऊन बसायची म्हणे. एकदा परदेशी गेलेल्या सहकाऱ्याचा वर्ग अंगावर पडला, म्हणून दोन्ही वर्गांना त्यांनी एकच प्रश्न घातला, गणिताचा नव्हे, साध्या समजुतीचा. त्या सहकाऱ्याची मुलं जिथं चुकली, बरोबर तिथंच यांची चुकली. फरक इतकाच की यांची मुलं हसतखेळत चुकली. सरांना ते फार लागलं. मुलांना काय समजतंय हे कळण्याचा काहीतरी मार्ग असला पाहिजे म्हणून ते केंद्रात आले. दोन वर्षांसाठी. पण दुसरं कोणी यायला तयार होईना, विभागानं त्यांच्या जागी माणूस घेऊन टाकला, आणि स्वतःचा वर्ग गेला तो गेलाच. रोज वर्गात जायचं, पण एकही वर्ग आपला नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसासारखं, असं ते स्वतःच म्हणायचे.

नोकरीचं शेवटचं वर्ष लागलं तेव्हा त्यांनी भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांकडे अर्ज केला. मला एक वर्ग द्या, पहिल्या वर्षाचा.

प्रमुख म्हणजे गोड बोलण्यात कोणाला हार जाणार नाहीत अशा बाई. त्यांनी सरांना बसवलं, चहा मागवला. मी बरोबर गेलो होतो, मलाही बिस्किटं मिळाली.

“सर, अहो तुम्ही आमच्या सगळ्यांचे गुरू. तुम्हाला कशाला हा त्रास? पहिल्या वर्षाची मुलं म्हणजे नुसता बाजार.”

“बाजारच हवाय, मॅडम.”

“जेवणानंतरचा तास आहे बघा एक. कोणीच घेत नाही. मुलं पेंगतात.”

“पेंगू देत. उठवतो.”

“बरं. पण सहामाहीपर्यंत बघू हं. मुलांची तक्रार आली तर मला दुसरी व्यवस्था करावी लागेल. तुमच्या नावाला बट्टा नको लागायला.”

बाहेर आल्यावर सर जिन्यात थांबले. म्हणाले, “बट्टा लागेल म्हणे. अरे, नाव आहे कुठे?” मग लगेच, “पहिल्या तासापासून तू मागे बसायचंस. नियम सगळ्यांना सारखा.”

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. आजवर ज्यांच्या ज्यांच्या वर्गात सर बसले होते, त्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं. आता बघू. मला व्हरांड्यात अडवून विचारत, “काय रे, दुरुस्त माल, कारखाना सुरू झाला म्हणे?”

पहिल्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसलो. सरांनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच होत्या. त्यांनी प्रश्न विचारला, चालती बस एकदम थांबली की आपण पुढे का जातो? आणि ते गप्प उभे राहिले. कोणी बोलेना. मग ते म्हणाले, “मी आता मुद्दाम थांबलोय. प्रश्न विचारल्यावर शिक्षकानं स्वतः उत्तर देऊ नये, थांबावं, म्हणजे विद्यार्थी विचार करतात.”

समोरच्या सगळ्या मुलांनी ते लिहून घेतलं.

मला वाटलं, पहिला दिवस आहे. दुसऱ्या तासाला ते म्हणाले, “आता शेजाऱ्याशी बोला. समवयस्काला समजावून सांगताना स्वतःची समजूत पक्की होते.” मुलांनी तेही लिहून घेतलं आणि शेजाऱ्याशी क्रिकेटबद्दल बोलली. त्यांनी सोपं उदाहरण दिलं, आणि आपण अवघड आधी न देता सोपं का दिलं तेही सांगितलं. इतकी वर्षं ज्या गोष्टी ते शिक्षकांना शिकवत होते, त्या सगळ्या ते करत होते, आणि प्रत्येक गोष्ट करताना ती का करतोय ते सांगत होते. स्वयंपाक करून वाढायच्या ऐवजी एखाद्यानं भांडी दाखवावीत तसं चाललं होतं. आणि सांगताना त्यांची नजर सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट माझ्याकडे यायची. माझ्यापुढे माना होत्या. पंप मारल्यासारख्या, एका लयीत.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत मागच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या. आता माझ्यात आणि मुलांमध्ये बरंच अंतर पडलं होतं, आणि मी तिथं एखाद्या हरवलेल्या पाहुण्यासारखा दिसत असणार.

त्या दिवशी आम्ही दुरुस्ती विभागात गेलो. चहा त्यांनीच केला. मी खुर्ची ओढली आणि नियमाप्रमाणे विचारलं, “तुम्हाला काय दिसलं, सर?”

ते खुशीत होते. “आज जमलं रे. पहिल्या बाकावरचा तो चष्मेवाला बघितलास? सारखा मान डोलवत होता. आणि त्या मुली, कशा एकटक ऐकत होत्या.”

मी चहा ढवळत राहिलो. साखर केव्हाच विरघळली होती.

“बोल ना. चहा काय फिरवतोस?”

“सर, चष्मेवाला पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत डोलवत होता. प्रश्न विचारलात तेव्हाही. त्याला सवय असेल.”

“आणि मुली?”

“त्यांना तुमच्यामागचं घड्याळ दिसतं.”

ते हसले. मग हसू तिथंच राहिलं आणि डोळे दुसरीकडे गेले.

“अजून?”

“तुम्ही त्यांना शिकवत नाही आहात. शिकवायचं कसं ते शिकवताय. मुलांनी वहीत बसचं काहीच लिहिलेलं नाही, शिक्षकानं थांबावं एवढंच लिहिलंय. आणि तुम्ही त्यांच्याशी बोलतच नाही, सर. माझ्याशी बोलता.”

खोलीत पंखा चालू होता. पलीकडे कोणीतरी आणखी एक मोडका बाक आणून टाकत होतं, फरफटल्याचा आवाज येत होता. सर उठले, दोन्ही कप बेसिनवर नेऊन धुवायला लागले. माझा अजून अर्धा भरलेला होता.

पाठमोरे असतानाच म्हणाले, “समोरून सगळे समजल्यासारखेच दिसतात रे. मी विसरूनच गेलो होतो. लोकांना मी इतकी वर्षं बोलत आलो, तुम्हाला दिसत कसं नाही, दिसत कसं नाही. समोरून दिसतच नाही.”

“होईल सवय, सर.”

“किती दिवसांत? सहामाहीच्या आत?”

त्यांनी कप पालथे घातले, हात पुसले.

“उद्यापासून तुम्ही येऊ नका.”

‘तू’चं पुन्हा ‘तुम्ही’ झालं होतं. ते रागावलेले मुळीच नव्हते. एखाद्या अनोळखी शिक्षकाला वाट दाखवावी तितक्या नम्रपणे त्यांनी मला दार उघडून दिलं.

त्यानंतर दुरुस्ती विभागाला कुलूपच दिसायला लागलं. कँटीनमध्ये सर येईनासे झाले. मी पुन्हा इतरांच्या टेबलावर जाऊन बसलो, तर तिथलं बोलणं मी आल्याबरोबर थांबायला लागलं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं की एवढ्या दिवसांत मीही सरांच्याच गोटातला धरला गेलो होतो. माझे तास चालू होते. एकदा मी पुरवठ्याचं उदाहरण देत असताना एक मुलगा लिहायचा थांबला आणि तसाच बसून राहिला. मला इतका आनंद झाला, आणि तो सांगायला कोणी नव्हतं.

शेवटी एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. सर मोठ्या बहिणीबरोबर राहत. ताई वयानं बऱ्याच मोठ्या, कानांनी जवळजवळ गेलेल्या, जिभेनं शाबूत. नवरा गेल्यावर त्या भावाकडे आल्या होत्या. सर फिरायला गेले होते.

“कोण? दुरुस्तीवाला का? ये, बस. तो म्हणायचा तुझ्याबद्दल.”

“काय म्हणायचे?” मी मोठ्यानं विचारलं.

“चांगला आहे म्हणायचा. हल्ली नाही म्हणत. हल्ली काहीच म्हणत नाही.” त्यांनी माझ्यासमोर केळी ठेवली. “आधी बरं होतं बघ. वर्ग मिळाला तेव्हा रोज संध्याकाळी इथं शिकवायचा. या चार खुर्च्यांना. मधेच थांबायचा. मला वाटायचं विसरला, म्हणून मी दारातून बघून ओरडायचे, ‘अरे, काय हवंय तुला?’ तर माझ्यावरच चिडायचा. म्हणे, ‘ताई, मी थांबलोय.’ आता थांबला असेल तर थांब बाबा, सांगतोस कशाला?”

मी केळं सोलत राहिलो.

“आता बंद केलंय त्यानं. खुर्चीवर नुसता बसून असतो. मी म्हटलं, मला शिकव, मी ऐकते. समोर बसले मी. तर दोन मिनिटांत थांबला. म्हणाला, ताई, तूसुद्धा समजल्यासारखी मान हलवतेस.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “अरे, मला ऐकूच येत नाही. मान नाही हलवणार तर काय करणार?”

सरांची वाट बघत मी बराच वेळ बसलो. ते आले नाहीत. खिडकीतून मला ते रस्त्याच्या पलीकडे झाडाखालच्या कट्ट्यावर बसलेले दिसले. माझी स्कूटर फाटकाशीच उभी होती, आणि ती काही लपण्यासारखी नव्हती. ताईंना नमस्कार करून मी निघालो, आणि जाताना त्या बाजूला बघितलं नाही.

सहामाही झाली तशी प्रमुख मॅडमनी मला बोलावलं. या वेळी बिस्किटं आधीच मांडलेली होती.

“तुम्ही बसायचात ना त्यांच्या तासाला? कसं वाटलं?”

“मॅडम, ते बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे.”

“अहो, लेखी कुठं मागतेय? असंच, तोंडी. मुलं कमी झालीत म्हणे. तक्रार नाही आली अजून, पण मी वाट कशाला बघू? शेवटचं वर्ष, त्यांना मानानं बाजूला केलेलं बरं नाही का?”

मला ठाऊक होतं की त्या तासांबद्दल खरं असं एक वाक्य जरी माझ्या तोंडून निघालं तर त्यांचा वर्ग जाईल, आणि आता तो गेला तर परत मिळायला पुढचं वर्षच नाही. चालू तासात काय होतंय हेही मला माहीत नव्हतं. मी बाहेर होतो.

“जेवणानंतरचा तास आहे, मॅडम. दुसरं कोण घेईल?” मी विचारलं.

त्या विचारात पडल्या. मला वाटतं, सरांची बाजू घेऊन मी तासभर बोललो असतो तरी एवढा उपयोग झाला नसता. “तेही खरंच,” त्या म्हणाल्या. “जाऊ दे मग. चालतंय तोवर चालू दे. बिस्किट घ्या.”

वर्ग राहिला. बाकी मला काही कळलं नाही. कधी त्या व्हरांड्यातून जायची वेळ आली तर मी पलीकडच्या जिन्यानं जायचो. येऊ नका म्हटल्यावर दारावरून जाणंही डोकावल्यासारखंच वाटायचं.

निरोप समारंभ सरांच्या शेवटच्या तासाच्याच दिवशी ठेवला होता, संध्याकाळी, छोट्या सभागृहात. मी भाषण करणार नव्हतो. मला त्यांना फक्त एकदा विचारायचं होतं, जायच्या आधी माझ्या एका तासाला येता का. मी कपडेही बरे घातले होते. सभागृहात आठदहा जण होते, बहुतेक नवे, ज्यांना यावंच लागलं होतं. चहा येऊन गार होत आला तरी सरांचा पत्ता नव्हता. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही जा ना. तुमचं ऐकतील ते.”

तास संपून बराच वेळ झाला होता. वर्गाच्या दाराला उंचावर काच आहे. आत दिवे चालू होते. दाराशी दोन मुली दप्तरं पाठीला लावून ताटकळत होत्या, “चल ना गं, बस जाईल.” तिसरी फळ्यापाशी उभी होती. फळ्यावर वर फेकलेला चेंडू होता, त्याला बाण, बाण खोडलेले, परत काढलेले. सर पहिल्या बाकावर चढून बसले होते, शर्टाच्या बाह्या खडूनं पांढऱ्या झाल्या होत्या.

“अगं, वर पोचल्यावर त्याचा वेग शून्य. पण पृथ्वीची ओढ संपली का?”

“थांबतो ना तो तिथं? थांबलेल्या चेंडूला ओढ असती तर तो थांबला कशाला असता?”

“थांबतच नाही.”

“आत्ता तुम्हीच शून्य म्हणालात!”

“म्हणालो. शून्य म्हणजे थांबला असं कोण म्हणालं?”

“मग काय म्हणायचं? तुम्ही सांगताय म्हणून परीक्षेत लिहीन, सर. पण मला पटलेलं नाही.”

“मग लिहू नकोस. आधी पटव मला. घे खडू.”

तिनं चिडून खडू घेतला. सर पुढे झुकले. त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं, आणि ती काय काढते आहे याखेरीज त्यांचं कशाकडेही लक्ष नव्हतं. मी दार जरासं ढकललं. “सर, सगळे थांबलेत.”

“कोण सगळे?” ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. मग हात वर केला, “हो हो, आलो,” आणि लगेच तिला, “हा बाण इकडे का? का इकडे? सांग.”

मी परत आलो. मॅडमनी भाषण सुरू करून टाकलं होतं. सरांनी किती शिक्षक घडवले, ते आपल्या सगळ्यांचे गुरू कसे, वगैरे. व्यासपीठावर त्यांची खुर्ची रिकामी होती, आणि टाळ्या तिच्याकडे बघून वाजत होत्या. थोड्या वेळानं मॅडमनी मला पुन्हा खुणावलं. मी बाहेर आलो. व्हरांड्याच्या टोकाला त्या वर्गाच्या काचेतला उजेड दिसत होता. मी खांबाला टेकून जरा वेळ तिथंच उभा राहिलो, तिकडे गेलो नाही. मग आत जाऊन मॅडमना सांगितलं की सर कुठे सापडत नाहीयेत.